अमेरिकेत सायलेन्सर किंवा शॉर्ट बॅरल रायफल घ्यायची असेल, विकायची असेल किंवा वारसाने आली असेल तर: एनएफएची कागदपत्रं पहिल्यापासून

गेल्या वर्षी आमच्या मंडळातले एक काका अचानक गेले. तेराव्यानंतर दोन दिवसांनी काकूंनी मला घरी बोलावलं, गॅरेजमधला सेफ उघडून दाखवला आणि म्हणाल्या, "अरे, हे सगळं काय आहे आणि याचं मी आता काय करू?" आत हरणाच्या शिकारीची एक रायफल, एक शॉटगन, एक आखूड नळीची रायफल आणि मोज्यात गुंडाळून ठेवलेले दोन काळे सायलेन्सर, म्हणजे बंदुकीचा आवाज कमी करायला तिच्या तोंडाला लावायची नळकांडी. काकांचा मुलगा न्यू जर्सीहून आला होता, त्याचं म्हणणं, बाबांची आठवण आहे, मी गाडीत टाकून घेऊन जातो. त्याने दोन्ही सायलेन्सर आणि ती आखूड रायफल ट्रंकमध्ये ठेवलीसुद्धा होती. मी हातातला चहा खाली ठेवला आणि आधी ते सगळं परत सेफमध्ये ठेवायला लावलं, कारण तो ज्या राज्यात राहतो तिथे सायलेन्सर जवळ असणं हाच गुन्हा आहे, आणि आम्ही राहतो त्या टेक्सासमध्येसुद्धा कागद झाल्याशिवाय त्याच्या ताब्यात ते असणं हा फेडरल गुन्हा होता. मुलगा चांगला, शिकलेला, फक्त त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून हे लिहितोय. एनएफए म्हणजे सायलेन्सर, आखूड नळीची रायफल अशा वस्तूंची नोंदणी करायला लावणारा इथला फेडरल कायदा. मी एच-१बी वर आलो, मग ग्रीन कार्ड, मग सिटिझन झालो. इकडे शेतांमध्ये रानडुकरांचा फार त्रास, शेतमालक स्वतःहून शिकारीला बोलावतात, त्यातून मला याची आवड लागली आणि कान सांभाळायला म्हणून सायलेन्सर घ्यायचं ठरवलं. आमच्या सिंधुदुर्गातल्या आजोबांकडे पीक संरक्षणाची ठासणीची बंदूक होती, निवडणूक आली की पोलिस ठाण्यात जमा करायची आणि नंतर परत आणायला खेपा घालायच्या, त्यामुळे बंदूक म्हणजे कागद हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी इथला प्रकार वेगळा आहे आणि तो समजायला मला बराच वेळ लागला. मी वकील नाही, स्वतः दोनदा फॉर्म भरले आणि काकूंसोबत वारसाचं काम शेवटपर्यंत केलं, त्यातून जे कळलं ते सांगतो.

१. आधी स्वतःचा स्टेटस बघा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि आपल्या लोकांना इथले बंदूकवाले मित्र ही कधीच सांगत नाहीत, कारण त्यांना हा प्रश्न आयुष्यात पडलेलाच नसतो.

एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने तुम्ही साधी बंदूक किंवा गोळीसुद्धा जवळ बाळगू शकत नाही. याला काही अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. पण त्या अपवादाच्या जोरावर एनएफएच्या वस्तूंमध्ये अजिबात पडू नका, ग्रीन कार्डपर्यंत थांबा. आणि हो, स्टुडंट्स लाँग वीकेंडला रेंजवर जाऊन भाड्याची बंदूक चालवतात आणि फोटो टाकतात ना, तेही याच नियमात येतं. भाड्याची बंदूक हातात घेतली म्हणजे ताबा घेतला.

ग्रीन कार्ड असेल तर घेता येते, फॉर्मवर तुमचा एलियन नंबर, म्हणजे ग्रीन कार्डावरचा नंबर, टाकावा लागतो. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. सिटिझन माणसाकडून कागदात गफलत झाली तर त्याला दंड किंवा तुरुंग. ग्रीन कार्डवाल्याला फायरआर्मच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर त्यावर इमिग्रेशन कायद्याने देशाबाहेर काढता येतं. वीस वर्षांचं घर, मुलांची शाळा, सगळं एका नळकांड्यापायी पणाला लागतं. त्यामुळे "इथे सगळेच असं करतात" हे वाक्य आपल्यासाठी नाही.

बाकी अपात्रता सगळ्यांना सारखी: एक वर्षापेक्षा जास्त तुरुंगवासाची शिक्षा होऊ शकते अशा गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस, घरगुती हिंसाचाराची केस सिद्ध झालेला किंवा कोर्टाचा प्रोटेक्टिव्ह ऑर्डर असलेला, आणि गांजाचं सेवन करणारा. तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी फॉर्म फेडरल आहे आणि प्रश्न स्पष्ट विचारलेला असतो. खोटं उत्तर दिलंत तर तो वेगळा गुन्हा.

२. मग राज्य बघा

फेडरल परवानगी मिळते म्हणजे राज्यात चालतं असं नाही. सायलेन्सर ४२ राज्यांत सामान्य माणसाला ठेवता येतो. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, इलिनॉय, डेलावेअर, ऱ्होड आयलंड आणि हवाई इथे नाही, आणि वॉशिंग्टन डीसीमध्येही नाही. आता बघा, आपली माणसं राहतात कुठे? एडिसन, बे एरिया, शिकागो, बॉस्टन. म्हणजे आज तुम्ही टेक्सासमध्ये असलात तरी पुढची नोकरी अशाच ठिकाणी लागायची शक्यता भरपूर. घ्यायच्या आधी घरात हा विषय बोलून घ्या, कारण अशा राज्यात बदली झाली की वस्तू सोबत नेता येत नाही आणि दोन आठवड्यांत विकताही येत नाही.

३. कुठली वस्तू या कायद्यात येते

कायदा म्हणजे १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट, सगळे एनएफएच म्हणतात. दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनंतर आला. बंदी घालण्याऐवजी नोंदणी आणि २०० डॉलर टॅक्स लावला, आणि तेव्हाचे २०० डॉलर म्हणजे साधारण एका टॉमी गनची किंमत. नोंदणी आणि अंमलबजावणी एटीएफ या फेडरल खात्याकडे आहे. यात काय काय येतं:

- सायलेन्सर किंवा सप्रेसर, दोन्ही एकच
- १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल, म्हणजे एसबीआर
- १८ इंचांपेक्षा आखूड नळीची शॉटगन, म्हणजे एसबीएस
- रायफल किंवा शॉटगनपासून बनवलेलं, एकूण लांबी २६ इंचांच्या आत येणारं शस्त्र
- मशीनगन, आणि साधी बंदूक मशीनगन करणारा सुटा पार्टसुद्धा
- डिस्ट्रक्टिव्ह डिव्हाइस, म्हणजे ग्रेनेड वगैरे
- एओडब्ल्यू, म्हणजे "एनी अदर वेपन", यात पेनासारखी दिसणारी बंदूक अशा विचित्र वस्तू येतात

नळी मोजायची पद्धत सांगतो कारण इथे लोक फसतात. बंदूक रिकामी आहे हे दोनदा तपासा, बोल्ट बंद करा, नळीच्या तोंडातून लाकडी काठी बोल्टला टेकेपर्यंत आत घाला, तोंडाशी पेन्सिलने खूण करा, काठी बाहेर काढून मोजा. तोंडावर नुसता आट्याने बसवलेला ब्रेक, म्हणजे धक्का कमी करणारा तुकडा, धरायचा नाही, वेल्ड करून किंवा पिन मारून कायमचा बसवलेला असेल तरच धरायचा. काकांची रायफल अशीच काठीने मोजली तेव्हा साडेदहा इंच भरली, म्हणजे एसबीआर यात शंका राहिली नाही.

मशीनगनबद्दल थोडक्यात: १९ मे १९८६ च्या आधी नोंदलेल्याच सामान्य माणसाला घेता येतात, नव्या नोंदत नाहीत, त्यामुळे किमती दहा हजार डॉलरच्या पुढे गेल्यात. नवख्या माणसाने तिकडे बघूच नये.

आता सापळे. ऑनलाइन स्वस्तात "फ्यूएल फिल्टर" किंवा "सॉल्व्हंट ट्रॅप" नावाने नळकांडी मिळतात, चाळीस-पन्नास डॉलरला, कुरिअरने घरी. एटीएफने यातल्या कित्येक सायलेन्सरच ठरवल्यात आणि घेणाऱ्यांच्या दारात माणसं पाठवलीत. दुसरं, पिस्तुलाच्या मागे बसवायचा छोटा "स्विच". तो पार्ट एकटाच मशीनगन धरला जातो, बंदूक शेजारी असो नसो. तिसरं, हौसेने पिस्तुलाला खांद्याला लावायचा स्टॉक बसवला की एसबीआर झाली, पुढे उभी मूठ बसवली की एओडब्ल्यू होऊ शकते. यात वाईट हेतू लागतच नाही, फक्त स्क्रू फिरवायचा असतो. बिनानोंदीची वस्तू सापडली तर दहा वर्षांपर्यंत तुरुंग आहे आणि अशी वस्तू नंतर जाऊन नोंदवताही येत नाही.

४. "टॅक्स शून्य झाला" म्हणजे नेमकं काय झालं

४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर, एसबीआर, एसबीएस आणि एओडब्ल्यू यांवरचा टॅक्स शून्य केला. मशीनगन आणि डिस्ट्रक्टिव्ह डिव्हाइसवर २०० तसाच आहे. टॅक्स गेला, नोंदणी गेली नाही. फॉर्म, ठसे, फोटो, बॅकग्राउंड चेक, मंजुरीची वाट बघणं, सगळं तसंच. मला स्वतःला तीन जणांनी विचारलंय की आता सायलेन्सर दुकानातून साबणासारखा घेऊन येता येतो ना. नाही येत. टॅक्सच नाही तर नोंदणी कशाला, असं म्हणत काही संघटना कोर्टात गेल्यात, पण कोर्ट वेगळं काही सांगेपर्यंत तुम्ही फॉर्म भरायचा.

५. स्वतःच्या नावावर की ट्रस्टवर

स्वतःच्या नावावर घेणं सोपं. ठसे एकाचे, फोटो एकाचा, काम लवकर. पण मग ती वस्तू फक्त तुमची. तुम्ही भारतात गेलात, घरी बायको आहे आणि सेफचा कोड तिलाही माहीत आहे, तर कायद्याच्या दृष्टीने ती वस्तू तिच्या ताब्यात आली असं म्हणता येतं, आणि ती तर मालक नाही. रेंजवर तुमच्या देखत मित्राने किंवा बायकोने दोन गोळ्या झाडल्या तर चालतं, पण तुमच्या पाठीमागे ती वस्तू दुसऱ्याच्या हातात नको.

ट्रस्ट केला तर त्यातले सगळे ट्रस्टी ती वस्तू वापरू, ठेवू शकतात. २०१६ पासूनचा नियम असा की प्रत्येक रिस्पॉन्सिबल पर्सनने, म्हणजे ट्रस्टमधल्या वस्तू हाताळायचा अधिकार असलेल्या माणसाने, दर अर्जाला स्वतःचे ठसे, फोटो आणि वेगळी प्रश्नावली द्यायची. कटकट वाढते, पण संसारी माणसाने ट्रस्टच करावा असं माझं ठाम मत आहे, काकांच्या घरचं बघितल्यापासून तर जास्तच. ट्रस्टचा मसुदा राज्याच्या वकिलाकडून किंवा निदान एनएफएसाठीच बनवलेला घ्या, घराच्या प्रॉपर्टीचा साधा लिव्हिंग ट्रस्ट यात वापरू नका.

एक चूक आपल्याकडे हमखास होते. प्रेमापोटी एच-१बी वरच्या भावाला किंवा साडूला ट्रस्टी करतात, म्हणजे "घरचा माणूस आहे, नाव असू दे". तो मुळात बंदूक बाळगायलाच अपात्र असेल तर त्याच्यामुळे अख्खा अर्ज जातो. त्याचं नाव बेनिफिशियरी म्हणून टाकता येतं, ट्रस्टी म्हणून नाही.

६. कागदपत्रं जमवा

- चालू ड्रायव्हर लायसन्स, त्यावर सध्याचाच पत्ता
- ग्रीन कार्डवाल्यांना एलियन नंबर
- पासपोर्ट साइजचा २ बाय २ इंचाचा फोटो, एका वर्षाच्या आतला
- बोटांचे ठसे: ऑनलाइन अर्जाला इलेक्ट्रॉनिक फाइल, कागदी अर्जाला एफडी-२५८ नावाची दोन कार्डं
- ट्रस्ट असेल तर ट्रस्टची पूर्ण प्रत, सह्या आणि नोटरीसकट
- एटीएफच्या ईफॉर्म्स साइटवर स्वतःचं अकाउंट, आणि त्याचा पिन लिहून ठेवा
- तुमच्या शेरीफचं किंवा पोलिस चीफचं नाव आणि पत्ता. त्यांची परवानगी लागत नाही, त्यांना फॉर्मची प्रत पाठवायची असते

नावाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझं काम इथेच अडलं होतं. आपल्या भारतीय पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे असतं, काहींच्या पासपोर्टवर ते गिव्हन नेममध्येच चिकटलेलं असतं, मग इथे लायसन्स काढताना डीएमव्हीच्या बाईने एखादं नाव गाळलेलं असतं, बायकांचं लग्नाआधीचं आडनाव एका कागदावर आणि नंतरचं दुसऱ्यावर, आणि सिटिझन होताना काही जण नाव छोटं करून घेतात. फॉर्मवर, ठशांवर, ट्रस्टमध्ये आणि ड्रायव्हर लायसन्सवर नाव अक्षरशः एकसारखं पाहिजे. माझ्या ठशांच्या फाइलमध्ये मधलं नाव पूर्ण आणि फॉर्मवर नुसतं इनिशियल, अर्ज परत आला. आधी लायसन्स नीट करून घ्या आणि मग बाकीचं त्यावरून बेता.

७. विकत घेताना: फॉर्म ४

वस्तू दुसऱ्याकडून तुमच्या नावावर यायची असेल तर फॉर्म ४. रस्ता असा:

क) तुमच्या राज्यातला एनएफए डीलर गाठा, साधा बंदूकवाला चालत नाही, त्याच्याकडे त्यासाठीचं वेगळं स्टेटस लागतं. वस्तू दुसऱ्या राज्यात असेल तर आधी ती डीलर टू डीलर फॉर्म ३ ने तुमच्या डीलरकडे येते.

ख) वस्तूचे पैसे भरा. पैसे भरले म्हणजे वस्तू तुमची झाली, पण ती तुमच्या हातात येणार नाही, डीलरच्याच सेफमध्ये राहणार. हे मनाला पटायला जड जातं, पण तसंच आहे.

ग) डीलर ईफॉर्मवर अर्ज सुरू करतो, तुम्ही तुमच्या अकाउंटने तपासून सही करता. सिरियल नंबर, कॅलिबर आणि लांबी वस्तू हातात धरून स्वतः वाचा. बी आणि ८ यांच्यातला गोंधळ मी स्वतः पकडलाय.

घ) ठसे अपलोड होतात, शेरीफला प्रत जाते.

ङ) अर्ज वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला एटीएफच्या एनएफए डिव्हिजनकडे जातो, एफबीआयचा बॅकग्राउंड चेक होतो. किती वेळ लागेल हे अर्जांच्या गर्दीवर आहे. कागदी अर्जाच्या काळात लोक वर्षभर थांबलेत, ईफॉर्ममध्ये काही दिवसांतही आलंय. मधे मधे फोन करून काही लवकर होत नाही.

च) मंजुरी आली की डीलरकडे ४४७३ नावाचा फॉर्म भरायचा, ओळखपत्र दाखवायचं आणि मग वस्तू घरी. इथेही लायसन्सवरचा पत्ता चालू पाहिजे. मंजुरी येईपर्यंत घर बदललंत तर आधी लायसन्स बदला आणि मगच जा.

८. स्वतः बनवणार असाल तर फॉर्म १

तुमच्याकडच्या साध्या रायफलला आखूड नळी लावायची असेल तर तुम्ही "बनवणारे" ठरता आणि आधी फॉर्म १ मंजूर हवा. मंजुरीआधी आखूड नळी बसवून बघायचीसुद्धा नाही. आखूड नळी आणि ती बसेल अशी एकच रायफल घरात असणंसुद्धा अडचणीत आणू शकतं, म्हणून मी नळीची ऑर्डर मंजुरीनंतरच दिली.

मंजुरी आल्यावर रिसीव्हरवर, म्हणजे रायफलच्या मुख्य सांगाड्यावर, बनवणाऱ्याचं नाव, शहर आणि राज्य कोरून घ्यावं लागतं, खोली निदान ०.००३ इंच. ट्रस्टवर असेल तर ट्रस्टचं नाव. आता "श्री सिद्धिविनायक फॅमिली रिव्होकेबल ट्रस्ट" असं लांबलचक नाव त्या इवल्या जागेत कोरणाऱ्याची काय दशा होते ते मी बघितलंय, ट्रस्टचं नाव छोटं ठेवा.

९. घरी आल्यावर

मंजूर फॉर्मची मूळ प्रत सुरक्षित ठेवा, एक प्रत फोनमध्ये आणि एक रायफलच्या बॅगेत. एटीएफच्या अधिकाऱ्याने मागितली तर दाखवावी लागते, आणि रेंजवर कोणी विचारलं तर वाद पटकन मिटतो.

राज्याबाहेर जाताना: एसबीआर, एसबीएस, मशीनगन आणि डिस्ट्रक्टिव्ह डिव्हाइस नेण्याआधी फॉर्म ५३२०.२० भरून एटीएफची मंजुरी घ्यावी लागते, दोन दिवसांच्या शिकारीसाठी असलं तरी. सायलेन्सर आणि एओडब्ल्यूला हा फॉर्म लागत नाही, पण पोचायच्या आणि वाटेतल्या राज्यात तो चालतो का हे बघायलाच हवं.

आणि भारत. सायलेन्सर किंवा बंदुकीचा कुठलाही भाग भारतात न्यायचा विचारसुद्धा करू नका, इथून बिनापरवाना एक्स्पोर्ट गुन्हा आणि तिथे आर्म्स ॲक्ट. पण खरा घात होतो तो साध्या बॅगेने. रेंजवर नेलेली बॅकपॅक, तिच्या आतल्या कप्प्यात विसरलेली एक गोळी, तीच बॅग घेऊन माणूस मुंबईला जातो, परतताना विमानतळाच्या स्कॅनरवर गोळी दिसते आणि मग पोलिस, जबाब, चुकलेलं विमान, वकील. भारतात लायसन्सशिवाय एक जिवंत काडतूससुद्धा गुन्हा आहे. मी रेंजची बॅग भडक नारिंगी रंगाची घेतलीय आणि ती गॅरेजच्या बाहेर घरात येतच नाही.

१०. विकताना किंवा कोणाला देताना

भेट दिली, उधार दिली, पैसे घेतले नाहीत, याने काही फरक पडत नाही, नाव बदलायचं तर फॉर्म. एकाच राज्यातला ओळखीचा माणूस असेल तर थेट फॉर्म ४ करता येतो. दुसऱ्या राज्यातला असेल तर वस्तू त्याच्या राज्यातल्या डीलरमार्फतच जाते. दोन्हीकडे मंजुरी येईपर्यंत वस्तू तुमच्याच सेफमध्ये. "तू घेऊन जा, कागद नंतर करू" हे मैत्रीत बोलायचं वाक्य नाही, त्याने मित्र आणि तुम्ही दोघंही गुन्ह्यात येता.

११. मालक गेल्यावर: फॉर्म ५

आता काकूंचं. क्रमाने काय केलं ते सांगतो.

पहिलं, काहीच हलवलं नाही. सेफचा कोड बदलला आणि तो फक्त काकूंकडे ठेवला, कारण मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे इस्टेटीचं काम बघणाऱ्या, त्याच होत्या. इस्टेटचं काम चालू असेपर्यंत एक्झिक्युटरने या वस्तू सांभाळणं हे ट्रान्स्फर धरलं जात नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नव्हतं. शेजारचा एक भला माणूस म्हणाला, दुकानात ठेवायला देऊन टाका. तसं करू नका. सांभाळायला किंवा विकायला म्हणून डीलरकडे ठेवणं हीच ट्रान्स्फर होते आणि त्याला आधी फॉर्म लागतो.

दुसरं, नोंदणीचे कागद शोधले. दोन संध्याकाळी गेल्या. कपाट, बँकेचा लॉकर, कॉम्प्युटर, सगळं झालं, आणि शेवटी सापडले एलआयसीच्या जुन्या पावत्यांच्या फाइलमध्ये, प्लास्टिकच्या पाकिटात तिन्ही मंजूर फॉर्म, टॅक्स स्टॅम्पसकट. वर काकांच्या अक्षरात पेन्सिलने सिरियल नंबर. काकू त्या अक्षराकडे बराच वेळ बघत बसल्या. आम्ही तो दिवस तिथेच थांबवला.

कागद नाहीच सापडले तर एक्झिक्युटरने मृत्यूचा दाखला आणि नेमणुकीचा कागद जोडून एनएफए डिव्हिजनला लिहायचं. ही टॅक्सची माहिती धरली जाते, म्हणून ते शेजाऱ्याला किंवा मित्राला काही सांगणार नाहीत. आणि वस्तू मुळात नोंदलेलीच नसेल तर वारसाला ती नोंदवता येत नाही, वकिलामार्फत जवळच्या एटीएफ ऑफिसला सांगून ती जमा करायची. आजोबांनी युद्धातून आणलेली असली तरी हेच.

तिसरं, कोर्टातून एक्झिक्युटरच्या नेमणुकीचं पत्र घेतलं.

चौथं, वारस कोण हे ठरवलं. मुलगा न्यू जर्सीत, तिथे ते चालत नाही. मुलगी डॅलसला, सिटिझन, तिची हरकत नव्हती. वारस दुसऱ्या राज्यात असला तरी फॉर्म ५ ने थेट नाव होतं, मधे डीलर लागत नाही, फक्त त्या राज्यात वस्तू चालली पाहिजे आणि वारस स्वतः पात्र पाहिजे. भारतात राहणारा भाऊ किंवा एफ-१ वरचा पुतण्या असेल तर त्याच्या नावावर होणार नाही.

पाचवं, तिन्ही वस्तूंचे तीन फॉर्म ५. सोबत मुलीचे ठसे, मृत्यूचा दाखला, मृत्युपत्राची प्रत आणि कोर्टाचं पत्र. वारसाच्या ट्रान्स्फरवर टॅक्स कधीच नव्हता, आताही नाही. वारसाऐवजी बाहेरच्या माणसाला विकायचं असतं तर एक्झिक्युटरने फॉर्म ४ केला असता. हे सगळं प्रोबेट, म्हणजे कोर्टातलं इस्टेटीचं काम, बंद व्हायच्या आत झालं पाहिजे.

मंजुरी आली तेव्हा मुलगी स्वतः डॅलसहून आली आणि घेऊन गेली. साधी रायफल आणि शॉटगन यांना एनएफए लागू नाही, मुलाला काहीतरी हवंच होतं म्हणून त्याच्यासाठी न्यू जर्सीचे नियम बघून वेगळी सोय केली.

त्यानंतर मी माझ्या सेफच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, मराठीत एकदा आणि इंग्रजीत एकदा, बायकोला आणि मुलीला दाखवून. त्यावर एवढंच: कुठल्या वस्तू एनएफएच्या आहेत आणि त्यांचे सिरियल नंबर, मंजूर फॉर्म कुठल्या फाइलमध्ये आहेत, ट्रस्टमध्ये कोणाची नावं आहेत, वकिलाचा फोन, आणि खाली लाल पेनने, "मी नसेन तेव्हा यातलं काही घराबाहेर नेऊ नका, कोणाला देऊ नका, दुकानातही ठेवू नका, आधी वकिलाला फोन करा."